डोक्यावर बर्फ ठेवणारा माणूस: यांकीजनी १९९५ ला जो टोरीला का निवडलं

२ नोव्हेंबर १९९५ ला न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमने जाहीर केलं की आमचा नवा मॅनेजर जो टोरी, आणि न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने हेडलाइन टाकली 'क्लूलेस जो', म्हणजे ज्याला कशाचाच पत्ता नाही असा जो. आता त्यांचं अगदी चुकलं होतं असंही नाही. टोरी तेव्हा ५५ वर्षांचा, आधी मेट्स, ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्स अशा ३ टीमनी काढून टाकलेला, मॅनेजर म्हणून ८९४ मॅच जिंकलेला आणि १,००३ हरलेला. आणि खेळाडू आणि मॅनेजर मिळून ४,००० च्या वर मॅच झाल्या तरी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या सिरीजपर्यंत, एकदाही न पोचलेला. असा माणूस अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध टीमला का हवा होता? मला हा प्रश्न फार आवडतो कारण याचं उत्तर शोधता शोधता बेसबॉलमधला मॅनेजर नक्की करतो काय हे नीट कळतं, आणि स्वभाव शांत असणं हा तिथे कामाचा भाग कसा होतो तेही कळतं.

आधी मॅनेजर म्हणजे कोण ते बघू. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, मॅनेजर म्हटलं की आपल्याला टूरवर हॉटेल आणि सामान बघणारा माणूस आठवतो. बेसबॉलचा मॅनेजर तसा नाही, तो कॅप्टन आणि कोच एकत्र केल्यासारखा असतो, खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये (मैदानाच्या कडेला टीमची बसायची जागा) बसतो आणि मैदानावरचे मोठे निर्णय त्याचे असतात. आज कोण खेळणार, बॅटिंगचा क्रम काय, पिचर म्हणजे बॉल टाकणारा कधी बदलायचा, कोणाच्या जागी कोणाला बॅटिंगला पाठवायचं, हे सगळं तो ठरवतो. आणि इथे एक नियम लक्षात ठेवायचा, एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या मॅचमध्ये परत येत नाही. चिडून पिचर काढला आणि अर्ध्या तासाने वाटलं की अरे तो हवा होता, तर आता काही होत नाही, गेला तो गेला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सीझनमध्ये १६२ मॅच, त्याही जेमतेम ६ महिन्यांत, म्हणजे जवळपास रोज मॅच. चांगला बॅटर १० पैकी ३ वेळा हिट मारतो आणि ७ वेळा आउट होऊन परत येतो, आणि तरी त्याला स्टार म्हणतात. टोरीची १९९८ ची यांकीज टीम इतिहासातल्या सगळ्यात भारी टीमपैकी एक मानली जाते, ११४ मॅच जिंकली, पण ४८ हरलीसुद्धा. आता विचार करा, प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर मॅनेजर दारं आपटायला लागला, खेळाडूंवर ओरडायला लागला, तर सर्वोत्तम वर्षातसुद्धा ४८ वेळा घरात भांडण झाल्यासारखं वातावरण होणार. अमेरिकन फुटबॉलमध्ये आठवड्यातून एकदा मॅच असते, तिथे आरडाओरडा करून पोरांना पेटवता येतं. इथे रोज पेटवलं तर जुलैपर्यंत राखच उरते.

आणि तिसरी गोष्ट जी टीव्हीवर पटकन दिसत नाही ती म्हणजे बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांची फळी. सुरुवातीचा पिचर साधारण ५ दिवसांतून एकदा टाकतो, तो थकला की मागून रिलीव्हर येतात, आणि त्या रिलीव्हरांचे खांदे ही मॅनेजरच्या हातातली पुंजी असते. आज हरायची भीती वाटली म्हणून चांगले तिन्ही रिलीव्हर खर्च केले तर उद्या आणि परवा हात रिकामे. म्हणजे ज्याला आजची हार सहन होत नाही तो मॅनेजर उद्याच्या मॅचचंही नुकसान करतो. शांत डोकं लागतं ते इथे, माणूस वागायला गोड आहे का हा वेगळा मुद्दा झाला.

आता यांकीजची गोष्ट. टीमचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, त्यांनी १९७३ ला टीम घेतली आणि पहिल्या २३ सीझनमध्ये २० वेळा मॅनेजर बदलला. बिली मार्टिन नावाच्या एकाच माणसाला ५ वेळा आणलं आणि प्रत्येक वेळी तो गेला. १९८५ ला योगी बेरा, यांकीजचा देवमाणूस म्हणावा असा जुना खेळाडू, त्याला सीझनच्या फक्त १६ मॅच झाल्यावर काढलं, तेही दुसऱ्या माणसाकडून निरोप पाठवून, आणि बेरा इतका दुखावला की १९९९ पर्यंत स्टेडियमकडे फिरकला नाही. म्हणजे या टीममध्ये मॅनेजर होणं म्हणजे चुलीवर बसणं होतं.

पण शांत माणसाने काय होतं हे यांकीजनी आधीही एकदा बघितलेलं होतं, १९७८ ला. बिली मार्टिन भयंकर तापट. १९७७ च्या जूनमध्ये बॉस्टनला मॅच चालू असताना, टीव्हीवर सगळा देश बघत असताना, तो आणि त्याचा स्टार खेळाडू रेजी जॅक्सन डगआउटमध्ये एकमेकांच्या अंगावर गेले होते, कोचेसना मध्ये पडून सोडवावं लागलं. हे सांगायलाच हवं की त्या वर्षी टीम चॅम्पियन झाली, मार्टिनला खेळ कळायचाच. पण पुढच्या वर्षी जुलैत टीम बॉस्टनच्या तब्बल १४ मॅच मागे पडली, मालक, मॅनेजर आणि जॅक्सन तिघांचं पेटलेलं, शेवटी मार्टिनने रडत रडत राजीनामा दिला. त्याच्या जागी आला बॉब लेमन, त्याला महिन्याभरापूर्वीच शिकागो व्हाइट सॉक्सनी काढलेलं. लेमनने नवं काही शोधलं नाही, मागच्या वर्षी जे खेळाडू जिंकले होते त्यांना आपापल्या जागी खेळू दिलं आणि टीमची खोली शांत ठेवली. त्याच्या हाताखाली टीम ४८ जिंकली, २० हरली आणि वर्ल्ड सिरीज घेऊन आली. खेळाडू तेच. (आणि पुढच्याच वर्षी लेमनलाही काढलं, स्टाइनब्रेनर ते स्टाइनब्रेनरच.)

१९९५ ला परत तशीच वेळ आली होती. बक शोवॉल्टर हा हुशार, बारीकसारीक सगळं बघणारा मॅनेजर होता, त्याने टीमला १९८१ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला नेलं, पण सिएटलशी ३-२ ने हरले आणि मग त्याच्या कोचिंग स्टाफवरून मालकाशी बिनसलं. टोरीचं नाव सुचवलं मालकांच्या एका जुन्या सल्लागाराने, आर्थर रिचमन, जो टोरीला मेट्सच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याला नक्की काय दिसलं असेल? मला वाटतं त्याला हे दिसलं की इथे खेळ शिकवणारा माणूस नकोय, टीम चांगलीच आहे, इथे हवाय तो मालकाची आग स्वतःच्या अंगावर घेऊन खेळाडूंपर्यंत फक्त ऊब पोचवणारा माणूस. आणि ३ वेळा नोकरी गेलेल्या माणसाला चौथ्यांदा जायची भीती कमी असते.

टोरीला खेळ कळत नव्हता असं अजिबात नाही बरं का. १९७१ ला तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता, बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३६३ (म्हणजे १,००० पैकी ३६३ वेळा हिट), आणि आधी कॅचर म्हणून खेळलेला. कॅचर म्हणजे असा खेळाडू जो पूर्ण मैदानाकडे तोंड करून बसतो आणि पिचरचं मन सांभाळतो. १९७१ ला .३६३ आणि पुढच्या वर्षी .२८९, दोन्ही वर्षं तितकीच मेहनत केली असं तो सांगायचा. हरणाऱ्या, चुकणाऱ्या खेळाडूकडे तो रागाने का बघत नाही याचं एक कारण मला तिथेच दिसतं.

दुसरं कारण घरातलं आहे आणि ते त्याने स्वतःच जगाला सांगितलंय. ब्रुकलिनमधलं बालपण, वडील न्यूयॉर्क पोलिसात डिटेक्टिव्ह, आईला मारहाण करायचे. लहान जो शाळेतून येताना बाहेर वडिलांची गाडी दिसली की घरात शिरायचाच नाही. हे ओझं तो पन्नाशी ओलांडेपर्यंत मनात घेऊन फिरत होता, १९९५ च्या अखेरीस, म्हणजे यांकीजची नोकरी लागली त्याच सुमारास, बायकोबरोबर एका शिबिराला गेला तिथे पहिल्यांदा तो बोलला आणि रडला. २००२ ला दोघांनी घरगुती हिंसेविरुद्ध काम करणारी संस्था काढली, नाव 'सेफ अ‍ॅट होम'. बेसबॉलमध्ये रनर सगळे बेस फिरून होम प्लेटला सुखरूप पोचला की अंपायर 'सेफ' म्हणतो, नाव तिथून आलंय, आणि अर्थ किती खोल आहे बघा. शाळांमध्ये मुलांना येऊन बोलता यावं म्हणून ही संस्था खोल्या चालवते, त्यांना त्याच्या आईचं नाव दिलंय, मार्गारेट. ज्या मुलाने आरडाओरड्याने माणसं कशी आक्रसून जातात हे घरात बघितलं तो मोठेपणी कोणावर ओरडत नाही, हे मला पूर्ण पटतं, आणि म्हणूनच त्याच्या शांतपणाला कोणी थंडपणा म्हटलं की वाईट वाटतं.

१९९६ चा सीझन सुरू होताना शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली फील्डिंगची जागा) एक २१ वर्षांचा पोरगा होता, डेरेक जीटर. मालकाच्या माणसांना शंका होती की हा पोरगा अजून तयार नाही, कोणीतरी अनुभवी आणा. टोरीने आणि बाकीच्यांनी सांगितलं की थांबा, त्याला खेळू द्या. त्याच सीझनमध्ये एका मॅचला जीटरने नको तेव्हा तिसरा बेस चोरायचा, म्हणजे फटका नसताना धावत गाठायचा, प्रयत्न केला आणि आउट झाला, इनिंग तिथेच संपली, समोर टीमचा मोठा बॅटर उभा होता. टोरी चिडला होता पण त्याने मॅच संपेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं. जीटर फील्डिंग करून परत आला आणि स्वतःहून येऊन टोरीच्या शेजारी बसला. पोराला चूक कळली आहे हे टोरीला कळलं, त्याने त्याच्या डोक्यावर मागून एक टपली मारली आणि जा म्हणाला. बस, विषय संपला. त्या वर्षी जीटर सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

टीमने ९२ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजला पोचली, समोर अटलांटा ब्रेव्ह्ज, गेल्या वर्षीचे चॅम्पियन. जो आधी ४ मॅच जिंकेल त्याची सिरीज. पहिल्या दोन मॅच न्यूयॉर्कला, आणि पहिलीत घरच्या लोकांसमोर १२-१ ने हरले. दुसऱ्या मॅचच्या आधी स्टाइनब्रेनर टोरीच्या ऑफिसात आले, आज जिंकायलाच हवं म्हणून. टोरी त्यांना शांतपणे म्हणाला की आज त्यांचा भारी पिचर ग्रेग मॅडक्स टाकतोय, आज पण आपण हरू शकतो, पण अटलांटा माझं गाव आहे (तिथल्या ब्रेव्ह्जचा तो आधी मॅनेजर होता), तिथे आपण तिन्ही जिंकू आणि शनिवारी घरी येऊन तुमच्यासाठी सिरीज संपवू. मॅनेजर बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मालकाला तोंडावर सांगायचं की आज हरू शकतो! आणि हरलेच, ४-० ने. आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅडलेडला ३६ वर ऑल आउट झाल्यावर अजिंक्य रहाणेने ज्या शांतपणे टीम हातात घेतली आणि मेलबर्नला शतक मारून मॅच काढली ते आठवा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल, चेहऱ्यावर घबराट नसली की ड्रेसिंग रूमला पण श्वास घेता येतो.

तिसरी मॅच अटलांटाला. सहाव्या इनिंगला यांकीज २-० ने पुढे, पण तिन्ही बेसवर रनर आणि समोर ब्रेव्ह्जचा मोठा बॅटर फ्रेड मॅकग्रिफ. टोरी माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, गेला आणि पिचर डेव्हिड कोनच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, खरं सांग, तू ठीक आहेस का. कोन म्हणाला ठीक आहे. टोरीने त्याच्या डोळ्यात बघितलं आणि परत गेला. मॅकग्रिफ आउट झाला, त्या इनिंगला पुढे एकच रन गेली आणि मॅच ५-२ ने जिंकली. इथे सांगायचं हे आहे की ओरडणाऱ्या मॅनेजरला पिचर खरं सांगत नाही, 'हात दुखतोय' म्हणायची कोणाची हिंमतच होत नाही. टोरीला खरं उत्तर मिळायचं कारण खरं बोलल्याची शिक्षा नव्हती.

चौथी मॅच तर बघायलाच हवी. ०-६ ने मागे. रागीट मॅनेजर इथे सगळं पणाला लावतो नाहीतर सोडून देतो. टोरीने एकेक माणूस जपून वापरला, सहाव्या इनिंगला ३ रन, आठव्याला जिम लायरिट्सने ३ रनचा होम रन मारून ६-६ केलं, आणि दहाव्या इनिंगला बेंचवर शेवटचा उरलेला बॅटर वेड बॉग्स बाहेर आला, बेस भरलेले असताना त्याने वॉक मिळवला (चार बॉल बाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट) आणि आघाडीची रन आली. ८-६. तो शेवटचा माणूस शेवटपर्यंत राखून ठेवला होता म्हणून ही मॅच आली.

पण शांत म्हणजे मऊ नाही, आणि हे पाचव्या मॅचला दिसतं. टोरीने बॉग्स आणि टिनो मार्टिनेझ या दोन मोठ्या नावांना बसवलं, त्यांच्या जागी चार्ली हेज आणि सेसिल फील्डर. पॉल ओ'नीललाही बसवणार होता, त्याला सांगूनही झालं, मग शेजारी बसणारा म्हातारा कोच डॉन झिमर म्हणाला की हा माणूस वर्षभर दुखऱ्या पायाने खेळलाय, त्याला खेळवायला हवं. टोरीने ओ'नीलला परत बोलावलं आणि खेळ म्हणाला. निर्णय बदलला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मॅचमध्ये झालं काय, हेजचा सोपा फ्लाय बॉल ब्रेव्ह्जच्या हातून सुटला, सेसिल फील्डरने डबल (दोन बेसचा फटका) मारून त्याला घरी आणलं, ती मॅचची एकमेव रन. आणि नवव्या इनिंगला शेवटचा बॉल उजव्या बाजूला खोल गेला, दोन रनर बेसवर, तो ओ'नीलने त्याच दुखऱ्या पायाने धावत जाऊन पकडला. १-०.

मधल्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये टोरीच्या भावाचं, फ्रँकचं, हृदय बदलण्याचं ऑपरेशन झालं. दुसरा भाऊ रोको त्याच जूनमध्ये हार्ट अटॅकने गेला होता. हे सगळं मनात घेऊन तो शनिवारी, २६ ऑक्टोबरला, डगआउटमध्ये बसला आणि यांकीज ३-२ ने जिंकले, १९७८ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन. मालकाला सांगितलं होतं अगदी तसंच, शनिवारी, घरी.

त्या मॅचला समोरच्या डगआउटमध्ये बॉबी कॉक्स होता, आणि अंपायरशी भांडल्यामुळे त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं. कॉक्सच्या नावावर सगळ्यात जास्त वेळा बाहेर काढलं जाण्याचा रेकॉर्ड आहे. म्हणून तो वाईट मॅनेजर ठरतो का? मुळीच नाही, तो आपल्या खेळाडूंच्या बाजूने भांडायचा आणि त्याचे खेळाडू त्याच्यावर जीव टाकायचे. २०१४ ला हॉल ऑफ फेममध्ये टोरी आणि कॉक्स एकाच दिवशी गेले. फरक एवढाच की कॉक्सचा राग अंपायरवर निघायचा, आपल्या पोरांवर नाही, आणि माझ्या मते शांत मॅनेजर शोधताना बघायचं असतं ते हेच. टोरीसुद्धा अंपायरशी वाद घालायचाच.

पुढे १९९८, १९९९, २००० ला पण टोरीची टीम चॅम्पियन झाली, आणि १२ वर्षांत एकदाही प्लेऑफ चुकलं नाही. ज्या मालकाने २३ वर्षांत २० वेळा माणूस बदलला त्याच्याकडे एकच माणूस १२ वर्षं टिकला.

या स्वभावाची दुसरी बाजू पण आहे. टोरी ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर फारच ठेवायचा, त्यामुळे ठरावीक रिलीव्हर दमून जायचे, २००६ ला स्कॉट प्रॉक्टरला ८३ मॅचमध्ये टाकावं लागलं, आणि यावर झालेली टीका मला योग्य वाटते. २००४ ला बॉस्टनविरुद्ध ३-० ने पुढे असताना ४ मॅच सलग हरले, तिथे टीमला हलवून जागं करणारं कोणीतरी हवं होतं असं तेव्हाही बरेच जण म्हणाले. आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडला रात्री चिलटांचे थवेच्या थवे मैदानावर आले, तरुण पिचर जोबा चेंबरलेनच्या मानेवर, तोंडावर किडे, तो टाकतोय, बॉल भरकटतोय, बरोबरीची रन गेली, मॅच गेली. टीमला मैदानावरून आत न्यायला हवं होतं असं टोरी नंतर स्वतः म्हणाला. गोंधळ घालायची वेळ होती आणि तो शांत राहिला. त्याच महिन्यात तो यांकीज सोडून गेला.

आता २०२२ बघा. फिलाडेल्फिया फिलीज २२ जिंकून २९ हरलेले, ३ जूनला जो जिरार्डीला काढलं (हाच जिरार्डी १९९६ ला टोरीचा कॅचर होता) आणि रॉब थॉमसनला तात्पुरतं बसवलं. थॉमसन कॅनडाचा, बरीच वर्षं यांकीजमध्ये काढलेला, टोरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या स्टाफमध्ये होता, आणि त्या सीझननंतर रिटायर व्हायचा विचार करत होता. आवाज कधी न चढवणारा माणूस. त्याने तरुण पोरांना रोज खेळवलं, एक एरर केली म्हणून उद्या बाहेर बसावं लागेल ही भीती काढून टाकली, टीम ६५ जिंकली, ४६ हरली आणि थेट वर्ल्ड सिरीजला गेली.

तिथे समोर होता ह्यूस्टनचा डस्टी बेकर. ह्यूस्टनने समोरच्या टीमचा कॅचर पिचरला करतो त्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचं उघड झालं, मॅनेजरला काढलं, सगळा देश टीमला शिव्या घालत होता, अशा वेळी २०२० च्या जानेवारीत त्यांनी सत्तरीतल्या बेकरला बोलावलं कारण त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलू शकत नव्हतं. दाताखाली टूथपिक, २०२२ पर्यंत २,००० च्या वर मॅच जिंकलेला, पण मॅनेजर म्हणून वर्ल्ड सिरीज एकदाही नाही. ५ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री शेवटचा फ्लाय बॉल उजव्या बाजूच्या फील्डरने पकडला तेव्हा बेकर मान खाली घालून आपल्या स्कोअरकार्डवर काहीतरी लिहीत होता, आणि कोचेस येऊन त्याच्या अंगावर पडले.